गोळी किती खोल जाते?

पिंपरी-चिंचवडहून पुण्याकडे येताना दापोडीचा पूल ओलांडला की खडकी लागते. इथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. ब्रिटिशांचा असाच दुसरा कारखाना कलकत्त्याजवळ डमडम येथे होता. धातूचे पूर्ण कवच असलेली नवी बारीक गोळी शरीरातून आरपार जाते, शत्रू थांबत नाही, अशी सैन्याची तक्रार होती. म्हणून १८९०च्या दशकात डमडमला टोकाशी शिसे उघडे ठेवलेली गोळी बनवली गेली.

आदळताच हे मऊ टोक पसरते. छेद रुंदावतो, विरोध वाढतो, गोळी लवकर थांबते आणि जखम भयंकर होते. ओल्या मातीत पेन्सिल आधी टोकाने, मग बुडाने दाबून पाहा. फरक हाताला कळेल.

लांब पल्ल्यावर हवेच्या विरोधाने वेग निम्मा झाला, तर ऊर्जा पावच उरते. पण मग टोकही कमी पसरते. त्यामुळे अशी मंदावलेली गोळी कधी कधी जवळून मारलेल्या गोळीपेक्षा खोल घुसते!

१८९९च्या हेग परिषदेने युद्धात या गोळ्यांना मनाई केली. शिकारीत मात्र, जनावर तडफडू नये म्हणून, त्याच योग्य मानल्या गेल्या. गुणधर्म एकच, त्याचा निवाडा मात्र आपल्यालाच करावा लागतो. वर्गात यावर जरूर बोलूया.