श्रीखंडे, शरदचंद्र शंकर

(१९ ऑक्टोबर १९१७–२१ एप्रिल २०२०). भारतीय गणिती. कॉम्बिनेटोरिक्स, संख्याशास्त्रातील प्रयोगरचना आणि आलेख सिद्धांत ही त्यांची कार्यक्षेत्रे. ‘श्रीखंडे ग्राफ’ आणि ऑयलरच्या अटकळीचे खंडन यांसाठी ते विख्यात आहेत. दोन्ही कामे १९५९ सालची.

जन्म मध्य प्रदेशातील सागर येथे. नागपूरच्या शासकीय विज्ञान महाविद्यालयातून पदवी घेतल्यावर ते अमेरिकेत गेले आणि राजचंद्र बोस यांच्या मार्गदर्शनाखाली नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातून १९५० मध्ये पीएच.डी. झाले. बनारस हिंदू विद्यापीठात काही वर्षे काढून ते मुंबई विद्यापीठात आले. तेथील गणित विभागाचे ते पहिले प्रमुख. वासंती भट-नायक, नवीन सिंघी यांसारखे त्यांचे विद्यार्थी याच विभागातले.

ज्या निबंधातून श्रीखंडे ग्राफ निघाला, त्याच्या शीर्षकात आलेख (ग्राफ, म्हणजे बिंदू आणि त्यांच्यातील जोड यांची रचना) हा शब्दच नाही. तो ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’ या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला गेला आणि त्याची भाषाही प्रयोगरचनेची, असोसिएशन स्कीमची. ज्यांत शेजाऱ्यांचे आणि सामाईक शेजाऱ्यांचे आकडे ठरावीक असतात, अशा आलेखांसाठी ‘स्ट्राँगली रेग्युलर ग्राफ’ ही संज्ञा बोस यांनी दिली ती १९६३ मध्ये.

निबंधातला प्रश्न मात्र बुद्धिबळाच्या पटावर मांडता येतो. ४×४ घरांचा पट घ्यावा. एका घरातून दुसऱ्यात हत्ती एका चालीत जात असेल, तर ती दोन घरे जोडलेली समजावीत. मग प्रत्येक घराला ६ शेजारी मिळतात, एकूण जोड ४८ होतात, आणि कोणतीही दोन घरे, जोडलेली असोत वा नसोत, सामाईक शेजारी नेमके २. आता उलट विचारायचे: नुसत्या या आकड्यांवरून हत्तीचा पट ओळखता येईल का? श्रीखंडे यांनी सिद्ध केले की ५×५, ६×६ किंवा आणखी मोठ्या पटाच्या बाबतीत त्याच्या-त्याच्या आकड्यांवरून तो ओळखता येतोच. फसगत होते ती फक्त ४×४ ला. तेथे दुसराही एक आलेख त्याच आकड्यांत बसतो.

हा दुसरा आलेख चौकटीच्या कागदावर काढता येतो. पटाच्या समोरासमोरच्या कडा चिकटवल्या आहेत असे मानायचे, म्हणजे उजवीकडून बाहेर पडलेला डावीकडून आत येतो. प्रत्येक घर वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या आणि एकाच ठरलेल्या तिरप्या रेषेवरच्या दोन्ही लगतच्या घरांना जोडायचे. शेजारी सहाच, पण त्यांची मांडणी निराळी. हत्तीच्या पटात त्यांचे तिघा-तिघांचे दोन कंपू पडतात. कंपूत सगळे एकमेकांशी जोडलेले, पलीकडच्या कंपूशी संबंध नाही. येथे मात्र सहाही जण एका षटकोनी कड्यात उभे असतात. डच गणिती सायडेल यांनी १९६८ मध्ये केलेल्या काही स्ट्राँगली रेग्युलर ग्राफच्या वर्गीकरणात हा आलेख मोजक्या अपवादांपैकी एक म्हणून येतो.

जनमानसात गाजले ते दुसरे काम. लॅटिन चौरसात प्रत्येक ओळीत आणि स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येते; असे दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यावर चिन्हांची कोणतीही जोडी पुन्हा आली नाही, तर ते परस्परलंब. गणिती ऑयलर यांची १७८२ सालची अटकळ अशी, की ६, १०, १४, १८... या आकाराच्या परस्परलंब लॅटिन चौरसांच्या जोड्या असूच शकत नाहीत. ६ पुरते ते खरे असल्याचे गास्ताँ तारी यांनी १९०० च्या सुमारास एकेक शक्यता तपासून दाखवले. बोस आणि श्रीखंडे यांनी २२ आकाराची जोडी बांधली, अर्नेस्ट पार्कर यांनी १० आकाराची. मग तिघांनी मिळून ६ च्या पुढची अटकळ सरसकट खोटी ठरवली. २६ एप्रिल १९५९ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ही बातमी पहिल्या पानावर छापली. गणिताच्या वाट्याला असे पान क्वचितच येते.

सायटेशनच्या (हवाल्यांच्या) मोजपट्टीवर या कामाचे वजन नीट उतरत नाही. ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही हवाल्यांची सूची निघाली १९६४ मध्ये आणि हवाल्यांवरून संशोधकाचे वजन मोजणारा एच-इंडेक्स तर २००५ मधला. शिवाय नाव अंगवळणी पडले की मूळ निबंधाचा हवाला गळतो. ‘श्रीखंडे ग्राफ’ असे लिहिणाऱ्याला १९५९ चे पान काढून दाखवावेसे वाटतेच असे नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराची दखल घेतली होती. कर्त्याचे नाव सामान्यनाम होऊन बसणे हा खरे तर सर्वांत मोठा हवाला, पण तो कोणत्याही यादीत जमा होत नाही.

श्रीखंडे १०२ वर्षे जगले. विजयवाडा येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा आलेख आता संगणकशास्त्रातही वावरतो. ग्राफ न्यूरल नेटवर्कची (आलेखांवर चालणाऱ्या न्यूरल नेटवर्कची) ताकद जोखताना हत्तीचा ४×४ पट आणि श्रीखंडे ग्राफ ही जोडी समोर ठेवण्याची रीत आहे. दोन आलेख वेगळे आहेत का हे पाहण्यासाठी शिरोबिंदूंच्या जोड्यांना रंग देत जाणारी वाइसफायलर–लेमन चाचणी या दोघांना एकच समजते.