आज्जीच्या हातावरची तुळस

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक झाली. हप्ते गोळा करून वह्या मिटल्या, तेव्हा एका आज्जीनं हात पुढं केला. म्हणाली, "बाई, माझी तुळस अशी का गं पसरली? काढली तवा पानन् पान मोजून घ्यावं अशी हुती. आता नुसतं झुडूप झालंय." शेजारी बसलेल्या पोरी हसल्या आणि आज्जीनं हात पदराखाली घेतला. ते मला लागलं. म्हणून आज गोंदणाबद्दल बोलूया.

आपल्या आजरा, गडहिंग्लज, चंदगड भागातल्या सत्तरीपुढच्या बायांचे हात बघा. तुळस, विंचू, लक्ष्मीची पावलं, कपाळावर नाहीतर हनुवटीवर ठिपका. पलीकडं संकेश्वरच्या बाजूला कानडी बायका याला हच्चे म्हणतात. गोंदणाऱ्या बाया फिरत्या समाजातल्या असायच्या, पुष्कळदा कैकाडी नाहीतर कोरवी. सुगी झाली की त्या गावात यायच्या. दोनतीन सुया दोऱ्यानं एकत्र बांधलेल्या आणि वाटीत दिव्याची काजळी. काजळी कालवायला कुठं पाल्याचा रस घेत, कुठं अंगावरचं दूध. पोरीचा हात मांडीवर घट्ट धरायचा, तिला गाण्यात गुंतवायचं आणि टोचत राहायचं. वरून हळद लावायची. मोबदला म्हणून सुपातलं भात, एखादं जुनं लुगडं.

या बायांचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही. इंग्रजांनी 1871 साली एक कायदा करून कितीतरी फिरत्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. कैकाडी समाजही त्या कायद्यात अडकला. तो शिक्का पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 ला. म्हणजे ज्यांच्यावर पोलिसांची नजर, त्यांच्याच हातून आपल्या आज्ज्यांनी देव अंगावर काढून घेतले.

त्याच इंग्रजी राज्यात बंगालमध्ये 1797 पासून जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदवत. ती शिक्षा 1849 ला बंद झाली. सुई तीच आणि शाईही तशीच काळी, पण कैद्याला ती आयुष्यभराची लाज आणि आपल्याकडच्या पोरीला मान. मेल्यावर दागिने इथंच काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं, असं म्हाताऱ्या बाया सांगायच्या.

आता आज्जीचा प्रश्न. सुईनं काजळी कातडीच्या वरच्या थराखाली जाते. तिथल्या बारीक पेशी तिला बाहेरचा कचरा समजून गिळतात, पण पचवता येत नाही, म्हणून पोटात धरून बसतात. फ्रान्समधल्या मार्सेयच्या संशोधकांनी 2018 साली उंदरांवर दाखवलं, की अशी पेशी मेली की तिच्यातला रंग बाहेर पडतो आणि शेजारची नवी पेशी तो उचलते. आपल्या सासूनं किल्ल्या सुनेकडं द्याव्यात तसंच. रंग टिकतो, पण वर्षं जातील तशी रेघ थोडी थोडी पसरते. वयानं कातडी पातळ होते, सैल पडते, म्हणून रेघ आणखी फाकलेली दिसते. काजळी काळी असली तरी कातडीतून ती हिरवट-निळी दिसते. आज्जीचं गोंदण बिघडलेलं नाही, ते तिच्याबरोबर म्हातारं झालंय. आणि काजळी किती टिकते म्हणाल, तर 1991 साली आल्प्स पर्वतात बर्फात एका माणसाचं प्रेत सापडलं, पाच हजार वर्षांपेक्षा जुनं. त्याच्या अंगावर 61 खुणा आहेत, काजळीच्याच, अजून दिसतात.

निगा फार लागत नाही. अंघोळीनंतर खोबरेल तेल लावा, कोरडी कातडी खाजवू नका. रोप लावताना, काजू वेचताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, उन्हानं कातडी आणखी विरते. गोंदणाच्या जागी गाठ आली, न भरणारी जखम झाली किंवा तीळ वाढायला लागला, तर सरकारी दवाखान्यात दाखवा. काळ्या रेघांत असा बदल चटकन दिसत नाही, म्हणून मुद्दाम बघायचं. जत्रेत मशीनवाल्याकडून जुनं गोंदण परत गडद करून घेऊ नका, साखरेचा त्रास असेल तर मुळीच नको. एकच सुई अनेकांना वापरली की कावीळ बी आणि सी, एचआयव्ही हे एकाचं दुसऱ्याला जातं. नातीला हौस असेल तर नवी सुई आपल्यासमोर फोडायला लावा, शाईही नव्या टोपणात ओतलेली हवी.

आणि काढून टाकायच्या भानगडीत घरच्या घरी पडू नका. आमच्या शेजारच्या एका वहिनींनी मुलाच्या लग्नाआधी मनगटावरच्या ठिपक्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावलं. बिब्ब्यासारखंच ते, कातडी जाळतं. ठिपके राहिले आणि वर डाग पडला. लग्नात त्या हातरुमाल बांधून फिरल्या. चुना, ॲसिड यांचंही तसंच. खरंच काढायचं असेल तर कातडीच्या डॉक्टरकडं लेसर असतो. काळ्या रंगावर तो चांगला चालतो, पण बऱ्याच फेऱ्या होतात आणि पैसेही लागतात.

माझ्या आज्जीच्या दंडावर आजोबांचं नाव होतं. आजोबा मुंबईला गिरणीत, वर्षातून एकदा गणपतीला यायचे. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायची तिला चोरी, उखाण्यापुरतं काय ते. दंडावर मात्र ते उघडं. गोंदणारीला अक्षर येत नव्हतं आणि आज्जीलाही. मुंबईहून आलेल्या कार्डावर बघून तिनं काढलं आणि एक काना गाळला. आज्जीला ते कळलं मी शाळेत जायला लागल्यावर, मीच वाचून दाखवलं तेव्हा. ती म्हणाली, "असूंदे. त्यास्नी कुठं वाचायचंय?"

आज्जी गेली तेव्हा त्या दंडाचा फोटो काढायचं कुणाला सुचलं नाही. पुढच्या बैठकीला आम्ही एक कोरी वही ठेवणार आहोत. प्रत्येक म्हातारीचं गोंदण नातीनं त्यात काढायचं आणि खाली लिहायचं : कुठं गोंदवलं, कितव्या वर्षी, संगं कोण होतं, रडली का. पहिलं पान तुळशीवाल्या आज्जीचं.