हळदीचं पेटंट आणि आपला काढा

हिवाळा लागला की आमच्या नांदेड-लातूरकडे काढ्याचं पातेलं गॅसवर चढतं. कपभर पाण्यात बोटभर अद्रक ठेचून (पुण्यात आल्यावर याला आलं म्हणायला शिकलो, असो), पाव चमचा हळद, दोन-चार मिरे, आणि पाणी थोडं आटलं की गूळ. इतकी साधी गोष्ट, की हिच्यावर कोणी मालकी सांगेल असं मनातही येणार नाही. पण मंडळी, हळदीवर एकदा रीतसर मालकी सांगून झालेली आहे.

२८ मार्च १९९५ ला अमेरिकेत पेटंट क्रमांक ५४०१५०४ मंजूर झालं. मालक मिसिसिपी विद्यापीठाचं मेडिकल सेंटर, आणि संशोधक दोघेही भारतीय वंशाचे! 'अमेरिकेने हळदीचंच पेटंट घेतलं' असं आपल्याकडे सर्रास सांगतात, ते खरं नाही. दावा होता जखम भरून येण्यासाठी रुग्णाला हळदीची पूड देण्याच्या पद्धतीवर. पुढची कलमं मात्र वाचण्यासारखी आहेत: हळद पोटातून दिली तरी आमची, वरून लावली तरी आमची, दोन्ही केलं तरी आमचीच. म्हणजे कापल्यावर हळद दाबणारी आणि मार लागल्यावर हळद-दूध पाजणारी, दोन्ही आज्या त्यात सापडल्या.

याच सुमारास, १९९५ मध्येच, पुण्याची एनसीएल सोडून डॉ. रघुनाथ माशेलकर सीएसआयआरचे महासंचालक झाले होते. माणूस मूळचा गोव्यातल्या माशेलचा. त्यांनी १९९६ मध्ये पेटंटच्या फेरतपासणीचा अर्ज करायला लावला.

आता खरी गंमत इथे आहे. आपल्याला वाटतं, त्यात काय, कोणालाही विचारा! पण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार परदेशात लोक एखादी गोष्ट नुसती वापरतात, जाणतात, याला पुरावा म्हणून किंमत नव्हती. ती कुठेतरी छापलेली हवी. थोडक्यात, डॉक्युमेंटेशन नसेल तर फीचरच नाही. (आमच्या ऑफिसात हे वाक्य दर सोमवारी ऐकू येतं.) कोट्यवधी घरांत रोज चालणारी गोष्ट कागदावर शोधायची वेळ आली. शेवटी संस्कृत, हिंदी, उर्दू मिळून ३२ संदर्भ गोळा झाले, काही शंभर वर्षांहून जुने. त्यात १९५३ चा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमधला लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकन पेटंट ऑफिसने सगळे दावे फेटाळले. पुढे २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहू लागला, तो या धड्यातूनच. ग्रंथातले योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश, जपानीत आणून परदेशी पेटंट तपासनिसांसमोर ठेवायचे, अशी ती व्यवस्था.

या सगळ्या धामधुमीत आमच्या शेजारच्या वसमतचं नाव कुठेच नव्हतं. नांदेडहून तासाभरावरचं हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं, हिंगोली वेगळा झाला १९९९ ला. जूनमध्ये लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायची, शिजवायची, दहा-पंधरा दिवस वाळवायची, मग ड्रममध्ये पॉलिश... उन्हातलं काम सगळं. वसमत हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०२४ मध्ये. पेटंट उडवल्याने या शेतकऱ्याच्या हातात थेट काही पडलं नव्हतं, हे कौतुकाच्या भाषणांत कोणी सांगत नाही.

आणि काढ्याचं काय? २०२० च्या साथीत आयुष मंत्रालयाने १५० मिली गरम दुधात अर्धा चमचा हळद सुचवली होती. हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्के. अर्धा चमचा म्हणजे दीड ग्रॅम धरली तर ४५ मिलिग्रॅम, आणि तेही शरीरात नीट शोषलं जात नाही. बंगळुरूला १९९८ मध्ये झालेल्या प्रयोगात मिऱ्यातल्या पायपरीनने हे शोषण २० पट वाढलं खरं, पण तिथे डोस होता २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिनचा. म्हणजे साठ-पासष्ट ग्रॅम हळद! तेवढी कपात घालून कोण पिणार? घशाला बरं वाटतं ते गरम पाणी आणि अद्रकामुळे जास्त, असं माझं मत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हळदीच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. काढ्यात मिरे मी घालतो, तिखटपणासाठी.