मनगटावरचे पोलाद

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया तयार करणारे बरेच कारखाने आहेत. अशाच एका कारखान्यात कामानिमित्त गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत डबे उघडले गेले आणि डब्यांच्या शेजारी टेबलावर सात-आठ मनगटी घड्याळे मांडली गेली. तिथल्या पाच-सहा जणांना जुन्या घड्याळांचा नाद आहे. कुणी ती जुन्या बाजारातून आणलेली, कुणाला वडिलांकडून आलेली, एक तर लग्नात सासऱ्यांनी दिलेले. बहुतेक सगळी एचएमटीची: जनता, पायलट, कोहिनूर. प्रत्येक जण आपले घड्याळ दुसऱ्याच्या कानाला लावत होता.

एका इलेक्ट्रिशियनने मात्र आपले 'जनता' माझ्यापुढे ठेवून तक्रार केली. "साहेब, वडिलांचं आहे. दिवसाला दहा मिनिटं पुढं पळतं. दोन घड्याळजींनी साफ करून दिलं, पंधरा दिवसांत पुन्हा तेच." एक घड्याळजी त्याला म्हणाला होता, आता हे शोकेसमध्ये ठेवा.

ही तक्रार समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. पहिल्या महायुद्धापर्यंत पुरुषाचे घड्याळ म्हणजे खिशातले, साखळीचे. मनगटावर घड्याळ बांधणे ही बायकांची हौस समजली जाई. खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायला सवड नव्हती, म्हणून घड्याळ मनगटावर आले आणि युद्ध संपल्यावरही तिथेच राहिले. आपल्याकडे ही घड्याळे दीर्घकाळ परदेशातूनच येत. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना सुरू झाला, आणि कारकुनाच्या, शिक्षकाच्या मनगटाला घड्याळ परवडू लागले. दहावी पास झालेल्या मुलाला, निवृत्त होणाऱ्या गुरुजींना, नव्या जावयाला एचएमटी देण्याची रीत पडली. पुढे क्वार्ट्झ घड्याळांपुढे किल्लीच्या घड्याळांचा टिकाव लागला नाही. २०१६ साली केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस ही उपकंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. तेव्हापासून जुन्या घड्याळांचे सुटे भाग दुसऱ्या जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. त्या इलेक्ट्रिशियनची काळजी ही होती.

किल्लीच्या घड्याळाचा जीव हेअरस्प्रिंगमध्ये असतो. केसासारखी बारीक, सपाट वेटोळ्यांची ही स्प्रिंग बॅलन्स व्हीलला मागेपुढे झुलवते. 'जनता'मध्ये दर सेकंदाला असे पाच झोके होतात. पूर्वी ही स्प्रिंग साध्या पोलादाची असे आणि त्यात दोन दोष होते. उन्हाळ्यात पोलादाची स्थितिस्थापकता कमी होते. साध्या चाकाचे घड्याळ तापमानाच्या दर अंशाला दिवसाकाठी सुमारे १० सेकंद मागे पडे. जालन्याच्या थंडीत बरोबर लावलेले घड्याळ मे महिन्यात टेबलावर ठेवले असते, तर रोज तीन-चार मिनिटे हरवली असती! हा दोष शार्ल एदुआर गियोम या स्विस शास्त्रज्ञाने दूर केला. लोखंड आणि निकेल यांच्या मिश्रधातूंवर त्याने वर्षानुवर्षे काम केले, आणि तापमान बदलले तरी स्थितिस्थापकता जवळपास तीच ठेवणारा 'एलिनव्हार' त्यातूनच मिळाला. १९२० सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्याला या मिश्रधातूंच्या अभ्यासासाठी मिळाले. (त्याचे वडीलही घड्याळाच्या धंद्यातलेच.)

दुसरा दोष चुंबकत्वाचा. नव्या मिश्रधातूंमुळे तो कमी झाला, पण गेला नाही. स्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरले की शेजारची वेटोळी एकमेकांना चिकटतात किंवा ओढतात, स्प्रिंगची कामाची लांबी घटते आणि चाक भरभर झुलू लागते. वर्गात करता येईल असे हे गणित आहे. दोलनकाल स्प्रिंगच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. दिवसाची मिनिटे १,४४०. त्यात १० मिनिटे म्हणजे सुमारे ०.७ टक्के. म्हणजे लांबी फक्त १.४ टक्क्यांनी घटली तरी घड्याळ एवढे पळते. क्वार्ट्झचे वागणे याच्या उलट. चुंबकाजवळ त्याची बारकी मोटर अडखळते आणि घड्याळ मागे पडते. दूर नेले की ते पुन्हा नीट चालू लागते.

माझा पहिला संशय भट्टीवर होता. इंडक्शन भट्टीच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह जातो, त्याने भंगारात भोवरे प्रवाह निर्माण होतात आणि लोखंड वितळते. पण हा गृहस्थ भट्टीवर नव्हेच, भंगाराच्या आवारात काम करणारा! तिथे क्रेनला टांगलेला, तव्यासारखा गोल विद्युतचुंबक भंगार उचलतो. त्याचा प्रवाह एकाच दिशेने वाहणारा. त्याची केबल आणि जोडण्या तपासणे हे याचे रोजचे काम. साफ केलेले घड्याळ पंधरा दिवसांत का बिघडते, ते तिथेच कळले.

खात्रीसाठी आम्ही शाळेतली साधी चुंबकसूची आणली. चालू घड्याळ जवळ नेताच सुई थरथरू लागली. 'पायलट' नेले तेव्हा ती जवळजवळ स्थिर राहिली. हा प्रयोग कोणत्याही शाळेत बिनखर्चात होईल. मुलांनी घरची जुनी घड्याळे आणावीत, मात्र चुंबकपट्टी चार हात दूर ठेवावी.

उपायही चुंबकाचाच. घड्याळजींकडे प्रत्यावर्ती प्रवाहाचे एक लहान वेटोळे असते. घड्याळ त्यात धरून, प्रवाह चालू असतानाच हळूहळू दूर न्यायचे. चुंबकत्वाची दिशा दर आवर्तनात उलटते आणि अंतराबरोबर क्षीण होत होत शून्यावर येते. मध्येच बटण बंद केले तर मात्र त्या क्षणीचे चुंबकत्व आत अडकून बसते. घाईत केलेले हे काम बऱ्याचदा याच कारणाने फसते.

महिन्याभराने त्याचा फोन आला. घड्याळ दिवसाला अर्ध्या मिनिटाच्या आत चालते आहे. आवारात जाताना तो ते काढून गेटवरच्या वॉचमनकडे ठेवतो, आणि वॉचमन संध्याकाळपर्यंत ते स्वतःच्या मनगटावर मिरवतो.