आटे जुळत नाहीत तेव्हा



बडोद्याच्या एका प्रेक्षकांचा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या मुलीनं त्यांना बागेच्या नळीचा फवारा आणि वेळ लावून बंद होणारा व्हॉल्व्ह पाठवला. दोन्हींवर पाऊण इंच लिहिलेलं, घरच्या तोटीवरही पाऊण इंच. तरी दीड फेरा बसतो आणि अडतो. प्लंबर म्हणतो, माल खराब आहे. माल चांगला आहे. तो दीड फेरा समजून घ्यायचा तर साडेतीनशे वर्षं मागं जावं लागेल.

अॅमस्टरडॅममध्ये यान व्हान डर हेडन नावाचा चित्रकार होता. शहराची चित्रं काढायचा, भिंतीची वीट न् वीट मोजता यावी अशी. याच माणसानं शहरात रस्त्यावरचे दिवे बसवले आणि 1670 च्या दशकात भावाबरोबर आगीच्या बंबाला नळी जोडली. बूट शिवावा तशी चामड्याची शिवलेली, पन्नास फुटांचे तुकडे, टोकांना पितळेचे जोड. तोवर पाणी बादल्यांनी फेकत. माझ्या मते खरा शोध नळीचा नव्हता, जोडाचा होता. जोड आला म्हणून नळी हवी तितकी लांब करता आली.

पुढं 1807 च्या सुमारास फिलाडेल्फियात शिवणीच्या जागी रिबिटा आल्या, नंतर रबर आलं. नळी सुधारत गेली. जोडाचं मात्र ज्याचं त्याचं राज्य. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये आट्यांचं माप ठरवून मांडलं, कोन 55 अंशांचा. आपल्या नळांचे आटे त्याच घराण्यातले. अमेरिकेनं 1864 पासून 60 अंशांची वेगळी वाट धरली, आणि तिथल्या बंबांच्या जोडाला तर तीही लागू नव्हती. प्रत्येक शहराचे आटे निराळे.

याची किंमत बाल्टिमोरनं मोजली. रविवार, 7 फेब्रुवारी 1904. सकाळी आग लागली आणि मदतीची तार गेली. वॉशिंग्टनचे बंब रेल्वेनं काही तासांत येऊन पोचले, नंतर फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कचे. पण त्यांच्या नळ्या बाल्टिमोरच्या हायड्रंटला बसेनात. जवानांनी जोडाभोवती कॅनव्हास गुंडाळून पाहिलं. पाणी नळीत कमी, रस्त्यावर जास्त. सुमारे तीस तासांत दीड हजारांहून अधिक इमारती गेल्या. वारा जोराचा होता, त्यामुळे सगळा दोष जोडावर टाकणं बरोबर नाही. पण फौजेत आयुष्य काढलेल्या माणसाला हे चित्र झोंबतं. माणसं वेळेत आली, सामान आलं, पाणी होतं, आणि अडलं ते पितळेच्या एका कडीपाशी.

पुढच्याच वर्षी राष्ट्रीय माप ठरलं: अडीच इंची नळी, इंचाला साडेसात आटे. ठरलं म्हणजे पाळलं गेलं असं नाही. 1991 मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर आग लागली तेव्हा तिथले हायड्रंट तीन इंची होते, मदतीला आलेल्यांच्या नळ्या अडीच इंची. त्या आगीत 25 माणसं गेली. 87 वर्षांनी तोच घोटाळा!

आपल्याकडच्या बंबाच्या नळीचा जोड 63 मिलिमीटरचा, आणि त्याला आटेच नाहीत. ढकलला की खटकन बसतो. सोसायटीच्या जिन्यातल्या लाल पेटीत बघा. बागेसाठी हीच सोय जर्मनीतल्या उल्मच्या गार्डेना कंपनीनं 1968 मध्ये आणली.

आता बडोद्याचं उत्तर. आपल्या पाऊण इंची तोटीला इंचाला 14 आटे, अमेरिकन बागेच्या जोडाला साडेअकरा. बाहेरचा व्यास जवळपास सारखा, म्हणून सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं. पान्यानं रेटू नका, आटे मरतील. सुतळी-सफेदा किंवा टेफ्लॉन टेपनंही हे जमणार नाही. एका बाजूला आपले, दुसऱ्या बाजूला अमेरिकन आटे असलेला पितळी अॅडॅप्टर मिळतो, तो घ्या. सायकलची ट्यूब आणि तार गुंडाळणाऱ्यांनी बाल्टिमोरचा कॅनव्हास आठवावा.

पाणी नेहमी तोटीपाशी बंद करा. नुसता फवारा बंद करून गेलात तर रात्रभर सगळा दाब जोडावर राहतो, आणि पहाटे नळी सुटून अंगणात तळं.

कमळाचा हौद भरत असाल तर नळीचं टोक पाण्यात बुडवून ठेवू नका. पुरवठा मध्येच गेला आणि खालच्या मजल्यावर कुणी नळ उघडला, तर हौदाचं पाणी उलटं ओढलं जातं, शेवाळासकट, घरच्या पिण्याच्या पाण्यात. टोक पाण्याच्या वर वीतभर बांधून ठेवा. ते जमत नसेल तर तोटीपाशी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. त्यावर बाण कोरलेला असतो, तो हौदाच्या दिशेला हवा.