बोईसरमध्ये ‘बाहेरचे’ किती? जनगणनेचा कुठला रकाना वाचायचा?

तारापूर-बोईसर पट्ट्यात भूमिपुत्र किती उरले आणि बाहेरचे किती झाले, हा वाद नवा नाही. त्यात टक्केवारीही ठोकून दिली जाते. संशोधनाकडे वळणाऱ्याने अशा वेळी आधी विचारायचं ते हे: हा टक्का कुठल्या रकान्यातून आला?

कारण जनगणनेत ‘बाहेरचा’ असा रकानाच नाही. जन्मठिकाण आहे, आधीच्या वास्तव्याचं ठिकाण आहे (हे १९७१ पासून), मातृभाषा आहे, अनुसूचित जाती-जमाती आहेत. प्रत्येक रकाना आपापला ‘बाहेरचा’ घडवतो. समजा, तारापूर एमआयडीसीत १९८० च्या सुमारास गोरखपूरचा एक कामगार आला. जन्मठिकाणाप्रमाणे तो स्थलांतरित. बोईसरला जन्मलेला त्याचा मुलगा मात्र नाही. मातृभाषेच्या कोष्टकात दोघंही एकाच ओळीत बसतात. उलट जळगावहून आलेला फिटर जन्माने बाहेरचा, भाषेने इथलाच.

सगळ्यात मजेशीर (आणि शिकवून जाणारं) उदाहरण तलासरीचं. उंबरगाव तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता. १ मे १९६० ला त्याचा बहुतेक भाग गुजरातकडे गेला. आता उंबरगावकडची एक वारली मुलगी लग्न होऊन तलासरीला येते असं धरा. लग्न १९५५ चं असेल तर हे जिल्ह्यातल्या जिल्ह्यातलं सासर. १९६५ चं असेल तर आंतरराज्य स्थलांतर! अंतर तेच, नातीगोती तीच. माणसं होती तिथेच होती, सरकली ती रेघ. त्यामुळे ‘परराज्यात जन्मलेले’ हा आकडा उचलून थेट ‘परप्रांतीय’ म्हणून छापणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

भाषेच्या कोष्टकातही शीर्षकाखालची बारीक नावं वाचावी लागतात. जनगणना भोजपुरी आणि राजस्थानी ‘हिंदी’खाली मोजते. वारली आणि कोकणा जातात ‘भिली/भिलोडी’खाली. फक्त शीर्षक पाहणाऱ्याला पालघरच्या डोंगरपट्टीत वारली दिसणारच नाहीत, आणि छपरा-सिवानचा माणूस दिल्लीवाल्याच्याच ओळीत जाऊन बसेल.

जातवार पूर्ण गणना वापरावी म्हटलं, तर शेवटचे प्रकाशित आकडे १९३१ चे. पुढची २०२७ च्या जनगणनेत व्हायची आहे. मधली जवळजवळ शंभर वर्षं अंदाजानेच भरायची. असा अंदाज बांधणं चूक नाही, पण त्याच्या पोटात काय काय गृहीत धरलंय ते उघड हवं. अमेरिकेत १९२० च्या दशकात हाच उद्योग सरकारी पातळीवर झाला. १७९० च्या जनगणनेतल्या आडनावांवरून कोण मूळचा इंग्रज, कोण जर्मन हे ठरवलं, त्यात पुढच्या आवकेच्या नोंदी मिसळल्या आणि त्यावरून १९२९ पासून देशवार कोटे लागू केले. आधीचे कोटे १८९० मध्ये परदेशात जन्मलेल्यांच्या संख्येवर बेतलेले होते. आधार बदलताच ब्रिटनचा वार्षिक कोटा ३४,००७ वरून ६५,७२१ वर गेला, जर्मनीचा ५१,२२७ वरून २५,९५७ वर आला. एका हिशेबाने हजारो माणसांची वाट बंद केली.

आपल्याकडे या कामाचा पाया के. सी. झकारिया यांनी घातला. त्यांची रीत समजायला सोपी आहे. १९६१ ला १० ते १४ वयाची मुलं १९७१ ला २० ते २४ ची होणार. त्यातली किती जगतील याचं प्रमाण देशभरच्या आकड्यांवरून काढायचं. प्रत्यक्षात त्याहून जास्त सापडली, तर जास्तीची बाहेरून आली. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून व्यापारी वीजनिर्मिती १९६९ ला सुरू झाली, त्यामुळे १९६१ आणि १९७१ ची तुलना इथे फार मोलाची. पण ही रीत फक्त निव्वळ फरक सांगते. शंभर आले आणि ऐंशी गेले, तर तुमच्या हातात वीसच राहतात.

शिवाय दोन्ही वर्षांची हद्द एकच हवी. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. २०११ ची लोकसंख्या आठ तालुके जोडून मिळते, सुमारे ३० लाख. पण स्थलांतराची सविस्तर कोष्टकं मुख्यतः राज्य आणि जिल्हा पातळीवरची, म्हणजे इथे जुन्या ठाण्याची: एक कोटी दहा लाखांचा जिल्हा. कल्याण, ठाणे, नवी मुंबईच्या गर्दीत बोईसर कुठे शोधणार? म्हणून ‘जनगणनेनुसार बोईसरमध्ये इतके टक्के’ असं कुणी म्हणालं की कोष्टकाचा क्रमांक मागा.

जाणाऱ्यांचं काय, हेही बघा. जव्हार-मोखाड्याची कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, पावसाच्या आत परततात. २०११ ची गणना झाली ९ ते २८ फेब्रुवारीत. या संपूर्ण काळात जो घरी नाही, त्याची नोंद सापडेल तिथे करायची, असा नियम. म्हणजे मोखाड्याचा माणूस भिवंडी किंवा वसईच्या भट्टीवर मोजला जाणार, आणि मोखाडा कागदावर थोडा रिकामा दिसणार.

अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या युनिटांसाठी उठवली गेली. त्यांचं पुनर्वसन पालघर तालुक्यातच झालं. स्थलांतराचं कारण विचारताना २०११ च्या तक्त्यात पर्याय होते नोकरी, व्यवसाय, शिक्षण, लग्न, जन्मानंतर हलवणे, कुटुंबासोबत येणे आणि ‘इतर’. प्रकल्पासाठी उठवलेल्यांना त्यात वेगळा रकाना नव्हता.