भायखळ्याचा तुरुंग आणि अँटीबॉडी

कोविडच्या काळात ‘अँटीबॉडी’ हा शब्द आमच्या मुलुंडच्या सोसायटीत वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी बसला. लोक बँक बॅलन्स सांगावा तसं आपल्या अँटीबॉडीज सांगायचे. मराठीत त्याला प्रतिपिंड म्हणतात, पण तो शब्द पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा पडलाच नाही. असो. मला प्रश्न पडला होता तो वेगळाच. हे शब्द रुळायच्या आधी लस बनवणारे लोक नेमकं काय समजून ती बनवत होते?

उत्तराचा मोठा तुकडा आपल्याच सेंट्रल लाईनवर, भायखळ्याला आहे.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग निघाला. ऑक्टोबरात वाल्डेमार हाफकिन मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजात (जे.जे.चं आवार) कामाला लागले. पद्धत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या सूपमध्ये प्लेगचे जंतू सोडायचे आणि वर तूप घालायचं. हो, आपलं तूपच! जंतू तुपाच्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढतात. मग ७० अंशांवर तासभर तापवून ते मारायचे. मेलेले जंतू हीच लस. १० जानेवारी १८९७ ला हाफकिननी ती आधी स्वतःला टोचून घेतली. सणसणून ताप आला, पण निभावलं.

आता गंमत बघा. हाफकिन हे मेचनिकॉफचे शिष्य. मेचनिकॉफ म्हणायचे, शरीरातल्या पेशी जंतूंना चक्क गिळतात, तीच आपली प्रतिकारशक्ती. बर्लिनवाल्यांचं म्हणणं वेगळं. बेरिंग आणि कितासातोंनी १८९० मध्ये दाखवलं होतं की रक्तातल्या नुसत्या पातळ भागातच, म्हणजे सीरममध्ये, विष मारायची ताकद असते. त्या ‘काहीतरी’ला एर्लिखनी १८९१ मध्ये अँटीबॉडी म्हटलं. दोन्ही बाजू हमरीतुमरीवर. शेवटी १९०८ चं नोबेल मेचनिकॉफ आणि एर्लिखना वाटून दिलं, आणि ते बरोबरच होतं. गिळणाऱ्या पेशी ही जन्मजात प्रतिकारशक्ती, कुठलाही जंतू चालतो. प्रतिपिंडं ही कमावलेली, एकेका जंतूसाठी वेगळी. ज्या वस्तूमुळे ती तयार होतात तिला ‘अँटीजेन’ हे नाव १८९९ मध्ये मिळालं. म्हणजे हाफकिन जे टोचत होते त्याला तेव्हा नावच नव्हतं!

नाव नसलं तरी आकडे होते. जानेवारीअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. निम्म्याच्या आसपास कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी नाही. जेवण, कोठड्या, कामं सगळ्यांची सारखीच. पुढच्या आठवड्याभरात लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ गेले. घेतलेल्यांत २ जणांना झाला, मेलं कुणी नाही. आमच्याकडे याला ए-बी टेस्ट म्हणतात, फक्त आमच्या टेस्टमध्ये माणसं मरत नाहीत. कैदी स्वखुशीने तयार झाले अशी नोंद आहे. गजाआडच्या स्वखुशीला किती अर्थ द्यायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. मला ते पटत नाही.

आणि ते दोघं का आजारी पडले असतील? प्रतिपिंडं पुरेशी तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि लस टोचून मोजकेच दिवस झाले होते. शरीर नेमकी हवी तीच पेशी निवडून तिच्या प्रती कशा काढतं, आणि काही आठवणीसाठी कशा मागे ठेवतं, याचा पटण्यासारखा सिद्धांत बर्नेटनी मांडला तो १९५७ मध्ये. तोवर हाफकिनना जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती.